कुंभाराचे गाढव आणि इंग्रजी माध्यम

मराठीत सध्या 'मुळे' या शब्दयोगी अव्ययाइतका स्वस्त झालेला शब्द दुसरा नसेल. मोबाइलमुळे वाचन संपले, मालिकांमुळे नाटकाचा प्रेक्षक घटला, इंग्रजी माध्यमामुळे शेजाऱ्यांची मुलगी पुढे गेली आणि इंग्रजी माध्यमामुळेच मराठी मरणपंथाला लागली. परिसंवाद असो, संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणावरची चर्चा असो की वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीतला लेख असो, दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांच्यामध्ये 'मुळे' घालून मोकळे होण्याची आपली रीत आहे. त्यावर कोणी पुरावा मागितला, तर मागणाराच अरसिक किंवा मराठीद्वेष्टा ठरतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही रीत आहे. ती तपासण्यासाठी मी मुद्दाम असे उदाहरण घेतो आहे की ज्यात आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचे मन आणि पोट दोन्ही गुंतलेले आहेत, ते म्हणजे शाळेचे माध्यम.

आधी एका गैरसमजाचा निकाल लावू. सहचाराला कारण समजण्याच्या चुकीचा विषय निघाला की मराठी माणूस लगेच कावळा आणि फांदीची म्हण पुढे करतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही, हे आपल्याला कळते. संस्कृतात त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. परंतु ही म्हण योगायोगापुरती आहे. एकदाच घडलेल्या गोष्टीविषयी ती सावध करते. खरी फसगत होते ती जिथे कावळा रोज बसतो आणि फांदी रोज मोडते तिथे. इंग्रजी शाळेत शिकलेली मुले चांगल्या नोकऱ्यांत अधिक दिसतात, हा योगायोग नाही. ते वारंवार दिसते, मोजले तरी दिसते. म्हणून तिथे म्हण निरुपयोगी ठरते आणि तर्कशास्त्राची गरज लागते.

गंमत अशी की ते तर्कशास्त्र परके नाही. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे अनुमानाचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याचीच उलटी बाजू मात्र फारशी कोणी शिकवत नाही. जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येईल का? स्वयंपाकघरात, शेकोटीत, होमात, जिथे जिथे पाहावे तिथे अग्नीबरोबर धूर दिसतो. तरीही नैयायिक हे विधान नाकारतात आणि लाल तापलेल्या लोखंडी गोळ्याकडे बोट दाखवतात. तिथे अग्नी आहे, धूर नाही. मग इतर ठिकाणी धूर का दिसला? कारण तिथे ओले सरपण होते. अग्नी आणि धूर यांच्या सहचारामागे लपून बसलेल्या या ओल्या सरपणाला न्यायशास्त्रात 'उपाधी' अशी संज्ञा आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या प्राथमिक पाठ्यग्रंथातसुद्धा ती येते. म्हणजे हे पंडितांचे गुपित नव्हते. नवशिक्या विद्यार्थ्याने पहिल्या काही महिन्यांत शिकायची ही गोष्ट होती.

उपाधीचा विचार व्याप्तीच्या, म्हणजे दोन गोष्टींच्या नियत साहचर्याच्या संदर्भात येतो. कारणाच्या चर्चेत दुसरे हत्यार आहे, ते म्हणजे 'अन्यथासिद्ध'. विश्वनाथाच्या 'भाषापरिच्छेदा'त अन्यथासिद्धांची जी यादी आहे तिच्यात कुंभाराच्या गाढवाला मानाचे स्थान मिळाले आहे. एखादे मडके घडण्यापूर्वी गाढवाने माती वाहून आणली, हे खरे. गाढव मडक्याच्या आधी हजर होते, हेही खरे. तरी ते मडक्याचे कारण नव्हे, कारण माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते. चाकाचे तसे नाही. चाक आणि ते फिरवणारा दंड ही कारणे आहेत. आधी असणे वेगळे आणि ज्यावाचून कार्य घडत नाही असे असणे वेगळे, एवढे साधे हे भान आहे.

आता शाळेकडे येऊ. आपल्या शहरांतला आणि आता तालुक्याच्या गावांतलाही पालक काय पाहतो? साहेबाची मुले इंग्रजी शाळेत जातात आणि साहेब होतात. आपल्या शेजारची मुले महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि मध्येच गळतात. हे निरीक्षण चुकीचे नाही, आणि ते करणाऱ्या पालकाला अडाणी किंवा भाषाद्रोही म्हणणाऱ्यांची मला चीड येते. घरकाम करणारी एखादी बाई गळ्यातले मोडून मुलाची फी भरते तेव्हा ती हौस म्हणून भरत नाही. तिने दोन गोष्टी एकत्र पाहिल्या आणि त्यांच्यात 'मुळे' घातला. तिच्याहून अधिक शिकलेल्यांनी तो 'मुळे' तपासून द्यायला हवा होता. तो आम्ही दिला नाही.

तपासायचे ते ओले सरपण. इंग्रजी माध्यमात मूल घालणाऱ्या घरात सहसा उत्पन्न अधिक असते, आईवडील शिकलेले असतात, घरात अभ्यासाला कोपरा असतो, शिकवणीला पैसे असतात, ओळखीपाळखी असतात, आणि मुलाच्या शिक्षणाविषयी घर हट्टी असते. या गोष्टी मुलाला कोणत्याही माध्यमात पुढे नेणाऱ्या आहेत. यशस्वी मुलांच्या मागे त्या बहुधा असतात. इंग्रजी शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलामागे मात्र त्या असतातच असे नाही. उपाधीचे लक्षण हेच: ती साध्याला व्यापते, हेतूला व्यापत नाही.

आणि लोखंडी गोळाही आपल्या गल्लीतच आहे. पत्र्याच्या शेडमध्ये भरणारी, इंग्रजी नावाची पाटी असलेली, दहावी-बारावी झालेल्या तरुण मुलींना तुटपुंज्या पगारावर राबवणारी 'कॉन्व्हेंट' कोणी पाहिलेली नाही? तिथे इंग्रजी माध्यम आहे, टाय आहे, पट्टा आहे, रोजची प्रार्थना इंग्रजीत आहे. आणि तिसरीतल्या मुलाला ना इंग्रजी वाक्य समजते ना मराठी परिच्छेद वाचता येतो. अग्नी आहे, धूर नाही. टाय आणि पट्टा ही तर उघडच कुंभाराची गाढवे आहेत. माध्यम हेही गाढव आहे असे मी म्हणत नाही. ते गाढव आहे की चाक आहे, हे ठरवण्याआधीच आपण त्याची पूजा मांडली, एवढेच म्हणतो.

हे ठरवता येते का? काही प्रमाणात येते. घरची परिस्थिती आणि शाळा यांची गाठ सोडवायची असेल तर शाळा कोणाला मिळेल हे घराने ठरवता कामा नये, ते चिठ्ठीने ठरले पाहिजे. शेजारच्या तेलुगू मुलखात हे करून पाहिले गेले आहे. तत्कालीन आंध्र प्रदेशात २००८ पासून १८० गावांत एक प्रयोग झाला. सरकारी शाळांतल्या ज्या मुलांच्या पालकांनी खासगी शाळेसाठी अर्ज केला त्यांच्यात सोडत काढली आणि ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची फी भरण्यात आली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. नुसती तुलना केली तर खासगी शाळांतली मुले सरकारी शाळांतल्या मुलांच्या पुष्कळ पुढे दिसतात. पण चिठ्ठी निघालेली मुले आणि न निघालेली मुले यांची तुलना केली, तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत फरक दिसला नाही. डोळ्यांना दिसणारा फरक मुख्यतः घराचा होता, शाळेचा नव्हता.

इथे मराठीप्रेमी वाचकाला टाळी वाजवावीशी वाटेल. त्याने थोडे थांबावे. त्याच प्रयोगात असेही दिसले की खासगी शाळा तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देत होत्या आणि तरी तेवढेच गुण मिळवून देत होत्या, हिंदीत तर त्यांची मुले बरीच पुढे होती, आणि दर मुलामागचा त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. माध्यमाबाबत, खासगी शाळांमध्येच तेलुगू माध्यमाची मुले इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा इंग्रजीखेरीजच्या विषयांत सरस ठरत असावीत, असा संकेत मिळाला. पण तो संकेत आहे, सिद्धांत नव्हे. पुराव्याचे हे असे असते. तो पुरवणीच्या मथळ्यात मावत नाही आणि व्यासपीठावर कोणाच्याही बाजूने पुरता बोलत नाही.

दुसरी गल्लत भाषा आणि माध्यम यांची. इंग्रजी येण्याला बाजारात भाव आहे, हे नाकारणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे होय. २००५ च्या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिक्षण आणि सामाजिक गट हिशेबात धरूनही, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची ताशी कमाई इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक आढळली. पण हा भाव इंग्रजी येण्याला आहे, इंग्रजीतून भूगोल शिकण्याला नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे, आणि अनेक शाळांत गणित-विज्ञानापुरते 'सेमी इंग्रजी'ही आहे. म्हणजे पालकाला हवी ती वस्तू दुसऱ्या दुकानात मिळण्याची सोय निदान कागदावर तरी आहे. ती वस्तू तिथे खरोखर मिळते का, आणि मिळत नसेल तर का मिळत नाही, हा प्रश्न आहे. माध्यमाच्या नावाने चाललेल्या गदारोळात हा प्रश्न विचारायलाच कोणी उरत नाही.

आता आपल्या घरातल्या कचऱ्याकडे वळतो, कारण मराठीच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात त्यांची अवस्था याहून बरी नाही. पहिला युक्तिवाद थोरांच्या दाखल्यांचा. रघुनाथ माशेलकर मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकले आणि एवढे मोठे शास्त्रज्ञ झाले, सबब मराठी माध्यम श्रेष्ठ. माशेलकरांविषयी पूर्ण आदर राखून विचारावेसे वाटते, की त्या पिढीतल्या सामान्य मराठी घरातल्या मुलाला दुसरे कोणते माध्यम उपलब्ध होते? त्यांच्या वर्गातली जी मुले सातवीत शाळा सोडून गिरणीत किंवा दुकानात लागली, तीही मराठी माध्यमातच शिकत होती. त्यांचे दाखले सत्कार समारंभात दिले जात नाहीत. यशस्वी तेवढे मोजायचे आणि त्यांच्या शाळेला श्रेय द्यायचे, तर अपयशी मोजून त्याच शाळेला दोषही द्यावा लागेल.

दुसरा युक्तिवाद जपानचा. जपान, जर्मनी, फ्रान्स आपापल्या भाषेत शिकतात म्हणून प्रगत झाले, हे वाक्य ऐकल्यावाचून मराठी भाषा गौरव दिन साजरा होत नाही. म्यानमारही आपल्या बर्मी भाषेतच शिकत आला आहे. तो प्रगत का झाला नाही? उलट सिंगापूरने १९८७ पासून सर्व शाळांत इंग्रजी हेच मुख्य माध्यम केले. ते दरिद्री का झाले नाही? राज्यसंस्था, उद्योग, साक्षरतेचा जुना इतिहास, ग्रंथव्यवहाराची परंपरा ही सगळी सरपणे बाजूला ठेवून आपण नुसती आग दाखवतो आणि धुराचे आश्वासन देतो.

तिसरा युक्तिवाद याहून घातक, कारण त्यावर सरकारी निर्णय होतात. मराठी शाळांचा दर्जा घसरला म्हणून त्यांचा पट घसरला, असे सांगितले जाते आणि कमी पटाच्या शाळा बंद किंवा विलीन करण्याचे समर्थन केले जाते. इथे कार्यकारणाची दिशा कोणती, हे कोणी पाहिले? शिकलेल्या, सजग, शिक्षकांना जाब विचारू शकणाऱ्या पालकांची मुले आधी बाहेर पडली. मागे राहिली ती अधिक गरीब, पहिल्या पिढीतली शिकणारी मुले. साहजिकच शाळेचे सरासरी गुण घसरले. शिक्षक तेच, इमारत तीच, पुस्तके तीच, तरीही शाळा 'खालावली'. ते गुण पाहून आणखी पालक बाहेर पडले. दर्जामुळे पट की पटामुळे दर्जा, हे चक्र कुठेही धरले तरी फिरते. आणि आपण मात्र एकच दिशा गृहीत धरून शाळेला कुलूप ठोकतो.

मातृभाषेतल्या शिक्षणाच्या बाजूने खरोखर सांगण्यासारखे आहे, ते आपण सांगत नाही. युनेस्कोने १९५३ मध्येच देशी भाषांतील शिक्षणाचा पुरस्कार करणारा अहवाल काढला होता. अलीकडे कॅमेरूनमध्ये काही शाळांत पहिली तीन वर्षे इंग्रजीऐवजी स्थानिक कोम भाषेत शिकवून, त्यांच्याशी जुळणाऱ्या इतर शाळांशी तुलना करण्यात आली. सुरुवातीच्या इयत्तांत कोममधून शिकलेली मुले स्पष्टपणे पुढे होती. इंग्रजीत गेल्यावर ती आघाडी ओसरत गेली. मराठीच्या बाजूचा असा प्रामाणिक पुरावा अर्धामुर्धा असतो आणि तो आपल्याला नवे काम देतो. मुलांना मराठीतून इंग्रजीकडे न्यायचे तर कधी आणि कसे, हे त्यातून विचारावे लागते. जपानचा दाखला असे काही विचारत नाही. म्हणूनच तो लोकप्रिय आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. प्रत्येक वेळी उपाधी शोधत बसलो तर कोणतेच कारण सांगता येणार नाही, आणि 'सहचार म्हणजे कारण नव्हे' हे वाक्य हितसंबंधियांच्या हाती ढाल बनेल. तसे घडलेही आहे. ब्रिटनमध्ये १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा पुढे त्याला विरोध करणाऱ्यांत रोनाल्ड फिशर हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ संख्याशास्त्रज्ञ होता. माणसाच्या आनुवंशिक घडणीतच असे काही असेल की ज्याने धूम्रपानाची ओढही लागते आणि कर्करोगही होतो, असे त्याचे म्हणणे. हीच ती उपाधी. फिशर तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागारही होता. त्याला उत्तर कसे मिळाले हे पाहण्यासारखे आहे. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की धूम्रपान करणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि त्याचे सारे श्रेय एखाद्या लपलेल्या घटकाला द्यायचे असेल, तर तो घटकही धूम्रपान करणाऱ्यांत निदान नऊपट अधिक आढळला पाहिजे. असा घटक कोणी दाखवावा.

म्हणजे शंका घेणाऱ्यावरही जबाबदारी आहे. नुसते 'उपाधी असेल' म्हणून चालत नाही, ती कोणती आणि तिचे बळ किती, हे सांगावे लागते. नैयायिकांचा संकेतही याहून निराळा नव्हता. त्यांनी ओले सरपण नाव घेऊन दाखवले. माध्यमाच्या वादात सरपणाचे नाव मी घेतले आहे. ते घराची ऐपत आणि घरातले शिक्षण हे आहे. ते वजा करूनही माध्यमाचा परिणाम उरत असेल तर तो मान्य करावा, मग तो इंग्रजीच्या बाजूने असो की मराठीच्या.

ते वजा करण्याची संधी आपल्याकडे दरवर्षी चालून येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत आणि महाराष्ट्रात अर्ज अधिक असतील तिथे त्या सोडतीने भरल्या जातात. ज्यांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची निघाली नाही, त्यांची घरे सारखी, वस्ती सारखी, आईबापांची तळमळ सारखी. या मुलांचे पाच-दहा वर्षांनी काय झाले, हे शोधणे अवघड नाही. त्यातून निव्वळ माध्यमाचा परिणाम कळणार नाही, शाळेच्या सगळ्या गुणदोषांचा एकत्रित परिणाम कळेल, ही मर्यादा आहेच. तरी शंभर परिसंवादांतून कळले नाही तेवढे कळेल. राज्य सरकारने मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या राखीव जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. सारस्वतांच्या जगात या घडामोडीचा चर्चेपुरताही उल्लेख झाला नाही. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मात्र पेढे वाटायला सगळे हजर होते.

अभिजात म्हणवून घेणाऱ्या भाषेच्या अभ्यासकांकडून एक किमान अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. 'नंतर', 'बरोबर' आणि 'मुळे' हे तीन वेगळे शब्द आहेत आणि आपल्या भाषेने ते वेगळे राखले आहेत, एवढे त्यांना ठाऊक असावे. पालकाने 'मुळे' चुकीचा वापरला तर त्याचे एक मूल चुकीच्या शाळेत जाते. मंत्र्याने वापरला तर शाळाच जाते. आणि ज्यांना शब्द नेमका वापरण्याचाच पगार मिळतो त्या आम्ही लोकांनी तो सैल सोडला, तर त्या दोघांनाही चूक दाखवून देणारे कोणी उरत नाही.